'डी प्रोफंडिस' तुरुंगातलं, 'रेडिंग जेल' तुरुंगाबाहेरचं

आयरिश लेखक ऑस्कर वाइल्डच्या बाबतीत एक घोळ वर्षानुवर्षं चालू आहे. 'द बॅलड ऑफ रेडिंग जेल'मधल्या ओळी द्यायच्या आणि खाली 'डी प्रोफंडिस' लिहायचं. नाहीतर दोन्हींना मिळून 'तुरुंगातलं लेखन' म्हणून मोकळं व्हायचं. समलिंगी संबंधांवरून १८९५चा खटला, दोन वर्षांची सक्तमजुरी, धुळीला मिळालेलं नाव हे सगळ्यांना पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही. एक पद्य आणि एक गद्य, हेही पान उघडताच कळतं.

खरी गोची पुढे आहे. या दोनांपैकी इंग्लंडमधल्या रेडिंगच्या तुरुंगात लिहिलं ते 'डी प्रोफंडिस', आणि ते पत्र आहे. १८९७च्या जानेवारी ते मार्चमध्ये, तुरुंगाच्या निळ्या कागदांवर, त्याचा प्रियकर लॉर्ड आल्फ्रेड डग्लसला उद्देशून लिहिलेलं. १९ मे १८९७ला वाइल्ड सुटला. कविता त्यानंतरची: फ्रान्सच्या किनाऱ्यावर बर्नव्हालला सुरू केली, नेपल्सला पुरी केली. फेब्रुवारी १८९८मध्ये ती छापली तेव्हा कवीच्या नावाच्या जागी 'सी.३.३.' हा त्याच्या कोठडीचा क्रमांक होता. तो बघून कविता कोठडीतलीच वाटते आणि फसगत सुरू होते.

कुठे लिहिली यानं काय बिघडतं? बिघडतं, कारण दोन्हींतला बोलणारा वेगळा आहे. पत्रात 'मी' आणि 'तू' आहेत. तू माझे किती पैसे उधळलेस, ब्रायटनला मी तापानं पडलो तेव्हा कसा वागलास, तुरुंगात एक ओळही का धाडली नाहीस: आधी तक्रारींचा पाढा, मग स्वतःची झाडाझडती. कवितेत मरणारा माणूसच दुसरा. चार्ल्स थॉमस वूल्ड्रिज, रॉयल हॉर्स गार्ड्समधला शिपाई, बायकोच्या खुनासाठी ७ जुलै १८९६ला रेडिंगमध्ये फासावर गेला. वाइल्ड तेव्हा तिथेच कैदी होता, पण कवितेचा जीव आहे 'आम्ही'त. फाशीच्या आदल्या रात्रीचा भाग वाचा. ज्याला मरायचंय तो कुरणात पहुडल्यासारखा शांत झोपलाय. डोळ्याला डोळा लागत नाही तो बाकीच्यांचा, चोरांचा आणि लबाडांचा. पहारेकरी दबक्या पावलांनी येऊन कोठड्यांत डोकावतात, तर जन्मात प्रार्थना न केलेली माणसं गुडघे टेकून बसलेली. स्वतःच्या दुःखाचं रडगाणं असं नसतं.

म्हणूनच 'प्रत्येक जण आपल्या प्रियाचा घात करतो' ही कवितेतली ओळ प्रेमभंगाच्या पोस्टवर, वर डग्लसचा फोटो लावून, दिसली की मला राग येतो. हा शिपाई आता फासावर जाणार, अशी कुजबुज कवितेतल्या कैद्याच्या कानावर आल्यावर ती येते. त्यानं केलं ते सगळेच करतात, फास मात्र त्याच्या एकट्याच्या गळ्यात, असं ती म्हणते.

कवितेला डायरी समजण्यातही अर्थ नाही. पहिल्याच ओळीत शिपायाचा लाल कोट आहे. त्या पलटणीचा कोट निळा होता. लगेच पुढे रक्त आणि दारू येतात, त्यांच्याशी जुळायला वाइल्डला लालच हवा होता, आणि तो त्यानं बेधडक घेतला. बरोबर केलं.

पत्राच्या बाबतीत गैरसमजाचं मूळ छपाईत आहे. वाइल्ड १९००मध्ये गेला. त्याचा मित्र रॉबर्ट रॉसनं १९०५मध्ये पत्र छापलं ते डग्लसबद्दलचा सगळा मजकूर गाळून. शीर्षकही रॉसचंच. उरलं ते एका एकाकी माणसाचं चिंतन, आणि ते साहजिकच कवितेचं जुळं भावंड वाटू लागलं. अस्सल हस्तलिखितावरून पूर्ण पाठ आला तो थेट १९६२मध्ये.

मला विचाराल तर कविता कितीतरी सरस. पत्रात वाइल्ड स्वतःतून फार थोडा वेळ बाहेर पडतो, कवितेत १०९ कडव्यांभर बाहेर राहतो. पत्र वाचायचं असेल तर १९६२नंतरची आवृत्ती घ्या. नेटवर फुकट मिळतं ते बरेचदा १९०५चं कापलेलं असतं.