तीन सेंटिमीटरचा हिशेब

भाचा पुण्याहून नवी गाडी दाखवायला येणार होता. गाडी आली नाही, फोन आला. "मामा, तुमच्या वेशीवरच्या गतिरोधकावर अडकलोय." जाऊन पाहतो तर दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार पोटावर बसलेली. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, भोवती गावातली पोरं. पारावरचे एक आबा काठी टेकत आले, वाकून गाडीखाली पाहिलं आणि म्हणाले, "का रे भो, गाडीना पाटा तुटनात का?"

पाटे तुटायला त्या गाडीला पाटे नव्हतेच. भाच्याने चांगले पैसे मोजून नव्या स्प्रिंगा टाकल्या होत्या आणि गाडी तीन सेंटिमीटर खाली आणली होती. शिवाय प्रत्येक चाकामागे १५ मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे ॲल्युमिनियमची जाड चकती, घालून चाकं बाहेर काढली होती. शेजारी बसलेल्या मित्राला उतरवलं, तेवढ्याने गाडी पाच-सहा मिलिमीटर वर आली, पोरांनी मागून रेटा दिला आणि ती खर्र करत सुटली.

मी तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवतो. त्यामुळे जेवणानंतर पाटीवर बसणं आलंच.

"लो केली की गाडी रस्त्याला चिकटते" असं भाच्याला सांगण्यात आलं होतं. चिकटत काही नाही. काय होतं ते समजायला कपाशीने उंच भरलेली बैलगाडी आठवावी. जिनिंगकडे निघालेली ती गाडी वळणावर आली की बाहेरचं चाक मातीत रुततं आणि आतलं जवळजवळ उचलतं. गाडीचं एकूण वजन तेवढंच असतं, फक्त ते एका बाजूला सरकतं. किती सरकणार, हे दोन गोष्टींवर ठरतं: वजनाचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे आणि चाकोरी किती रुंद आहे.

भाच्याच्या गाडीसाठी सोपे आकडे धरू. वजन १४०० किलो, गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटरवर, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर दीड मीटर. औट्रम घाटातल्या एखाद्या वळणावर गाडी इतक्या जोरात घेतली की बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ८० टक्के झाला, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर ३७३ किलो भार जातो. (असं घाटात करू नये, हे भाच्याला वेगळं सांगितलं.) आता गाडी तीन सेंटिमीटर खाली आणा: ३५१ किलो. वर स्पेसरने चाकोरी तीन सेंटिमीटर रुंद करा: ३४४ किलो. एवढ्या खटाटोपातून २९ किलो वाचले, त्यातले २२ स्प्रिंगांनी आणि सात स्पेसरांनी.

हे २९ किलो अगदीच फुकट नाहीत. टायरवर दुप्पट वजन टाकलं तर पकड दुप्पट होत नाही, दुपटीपेक्षा जरा कमीच वाढते. त्यामुळे आतलं टायर जेवढी पकड गमावतं तेवढी बाहेरच्याला मिळत नाही. भार जितका समान वाटला जाईल तितकी चारही टायरांची मिळून पकड जास्त. शर्यतीच्या गाड्या जमिनीला घासून का चालतात याचं एक मोठं कारण हेच. शर्यतीच्या ट्रॅकवर एका फेरीत पाव सेकंद वाचला तरी सोनं होतं. जळगाव-भुसावळ रस्त्यावर त्या पाव सेकंदाचं काय करायचं, ते ज्याने त्याने ठरवावं.

आता खर्चाची बाजू, आणि माझ्या मते खरी गंमत इथेच आहे.

स्प्रिंगवर जेवढा भार, तेवढी ती दबते. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने हा नियम १६७६ साली अक्षरांची उलटापालट करून कोड्यात छापला आणि दोन वर्षांनी कोडं उलगडून सांगितलं. शोध आपल्या नावावर राहावा आणि तरी कुणाला कळू नये, अशी ती युक्ती. त्या नियमाने भाच्याची पुढची एक स्प्रिंग पाहू. तिच्यावर ३२० किलो भार आहे असं धरा. मूळ स्प्रिंग एक मिलिमीटर दबायला २५ न्यूटन जोर घेत होती. म्हणजे गाडीच्या नुसत्या वजनाने ती साधारण १२५ मिलिमीटर दबून बसलेली असते. नवी स्प्रिंग कडक आहे, मिलिमीटरला ३३ न्यूटन. ती ९५ मिलिमीटरच दबते.

इथे भाचा थांबला. "मग गाडी तीन सेंटिमीटर वर यायला पाहिजे!"

बरोबर. कडक स्प्रिंग गाडी उचलते. म्हणून गाडी ३० मिलिमीटर खाली आणायची तर नवी स्प्रिंग मोकळी असताना जुनीपेक्षा ३० नव्हे, ६० मिलिमीटर आखूड लागते. कारखान्यात हे गणित करून, तारेची जाडी ठरवून स्प्रिंग बनवतात. जाडीचा हिशेब फार तिखट असतो: तार दहा टक्के जाड केली की बाकी सगळं तेच ठेवूनही स्प्रिंग ४६ टक्के कडक होते, कारण जाडीचा चौथा घात लागतो.

कडक का करतात? कारण खाली आणलेल्या गाडीच्या चाकाला वर उचलायला जागा कमी उरते. आधी चाक खड्ड्या-उंचवट्यावर ८० मिलिमीटर वर जाऊ शकत होतं, मग शेवटचा रबराचा ठोकळा लागायचा. आता ५० मिलिमीटरच उरले. स्प्रिंग कडक केली म्हणजे भरपाई झाली, असं वाटतं. पाटीवर मांडून पाहिलं. स्प्रिंग किती दणका पचवते, हे कडकपणा गुणिले प्रवासाचा वर्ग, भागिले दोन. शॉकपचं काम बाजूला ठेवलं तर जुनी स्प्रिंग ठोकळा लागेपर्यंत ८० जूल पचवत होती. नवी? ४१. कडकपणा तिसऱ्या हिश्शाने वाढला आणि पचनशक्ती निम्मी झाली, कारण प्रवास वर्गात मोजला जातो. उरलेला दणका ठोकळ्याला, तिथून पत्र्याला, तिथून माणसाच्या मणक्याला.

गावोगावच्या गॅरेजात याहून स्वस्त उपाय मिळतो: गॅस कटर लावून स्प्रिंगचा एक वेढा उडवायचा. सहा वेढ्यांचे पाच केले की स्प्रिंग २० टक्के कडक होते, गाडी खाली बसते, काम अर्ध्या तासात. पण स्प्रिंगचं पोलाद तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवून घडवलेलं असतं. ज्योत लागली की कापलेल्या टोकाजवळची ती घडण जाते. शिवाय कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही आणि चाक हवेत लटकलं की स्प्रिंग सैल होऊन जागा सोडू शकते. हे करू नका, एवढंच.

स्प्रिंग बदलली की गाडीची झुलण्याची चालही बदलते. जुन्या स्प्रिंगांवर ती सेकंदाला साधारण १.४ वेळा झुलायची, नव्यांवर १.६ वेळा. फरक किरकोळ वाटतो, पण शॉकप जुन्या चालीसाठी बनवलेले होते, त्यांना ही चाल आवरत नाही. आता त्यात खानदेशची काळी माती घाला. कपाशीला मानवणारी ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं. खालची माती नीट हाताळली नसेल तर वरचं डांबर कितीही गुळगुळीत असो, दोन-तीन पावसाळ्यांत रस्त्याला लाटा येतात. समजा दर दहा मीटरला एक लाट आहे. ताशी ५८ किलोमीटर वेगाला गाडीला सेकंदाला १.६ धक्के बसतात, म्हणजे नेमके तिच्या झुलण्याच्या चालीवर. झोपाळ्याला योग्य वेळी हात लावल्यासारखं होतं. भाचा म्हणाला, "पहूरच्या पुढे गाडी उड्या मारत होती." तो वेग आठवून सांगायला मात्र तयार नव्हता.

आणखी एक गोष्ट दिसत नाही. पुढचं चाक खालून एका आडव्या दांड्याने, आर्मने, धरलेलं असतं. गाडी खाली आली की आर्मचं बाहेरचं टोक वर उचललं जातं. त्याच्या तिरपेपणावर गाडी कोणत्या बिंदूभोवती कलणार हे ठरतं. मॅकफर्सन पद्धतीच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकप एकाच उभ्या खांबात असलेल्या, पुढच्या बांधणीत हा बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली घसरतो. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे कलवणारी पहार लांब होते. नुसती खाली आणलेली, पण स्प्रिंग न बदललेली गाडी वळणावर आधीपेक्षा जास्त कलू शकते ती यामुळे. शिवाय चाकं वरून आत झुकतात आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन पुन्हा जुळवणं, केलं नाही तर टायरची आतली कड आधी झिजते. भाच्याच्या गाडीखाली टॉर्च मारला. बाहेरून टायर नवं, आतून तारा दिसायच्या बेतात. अलाइनमेंट करायचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

स्पेसरबद्दल लोक फार घाबरतात किंवा मुळीच घाबरत नाहीत. चाक बोल्टांवर लटकलेलं असतं, ही समजूत चुकीची. ११० न्यूटन-मीटरने आवळलेला १२ मिलिमीटरचा बोल्ट चाकाला हबवर, म्हणजे चाक बसतं त्या फिरत्या चकतीवर, सुमारे साडेचार टनांच्या जोराने दाबतो. पाच बोल्ट म्हणजे तेवीस टनांच्या आसपास. या दाबातून येणारं घर्षण गाडी पेलतं. मध्ये स्पेसर आला म्हणजे एकाऐवजी दोन सांधे झाले आणि दोन्ही स्वच्छ, सपाट हवेत. हबवर गंजाची खपली राहिली आणि ती चार दिवसांनी चुरली की आवळलेला बोल्ट आपोआप ढिला.

चाक काढून पाहिलं. आम्ही बोल्ट हाताने फिरवत आटे मोजले. या बोल्टाचा आटा दीड मिलिमीटरचा, आणि बोल्टाच्या जाडीएवढी तरी पकड हवी, म्हणजे किमान आठ आटे. १५ मिलिमीटरचा स्पेसर मूळ बोल्टाचे दहा आटे खातो. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि बोल्ट हातात आला. भाच्याचा चेहरा उतरला. लांब बोल्ट दुसऱ्या दिवशी जळगावहून आणले, तोवर गाडी हलवली नाही. स्पेसरने चाकाचा भार बेअरिंगपासून बाहेर सरकतो, बेअरिंग लवकर आवाज करू लागतं, तेही सांगून टाकलं. आरसी बुकातल्या नोंदीशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, हे मात्र त्याला आधीच माहीत होतं.

राहिला गतिरोधक. तो उंच आहे म्हणून गाडी अडकली, असं सगळे म्हणत होते. टेप घेऊन गेलो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि तब्बल ३.७ मीटर रुंद असतो. त्यावर अडीच मीटर अंतराची पुढची-मागची चाकं एकदम चढतात आणि मधला फुगवटा पोटाकडे जेमतेम साडेचार सेंटिमीटर येतो. भाच्याची गाडी त्यावरून सहज जाईल. आमच्या वेशीवरचा निघाला १३ सेंटिमीटर उंच आणि ४० सेंटिमीटर रुंद. पुढची चाकं उतरली, मागची चढलीच नाहीत, सगळे १३ सेंटिमीटर पोटाखाली. गाडी मूळची १५ सेंटिमीटर उंच होती, आता १२.

टेप गुंडाळताना भाचा म्हणाला, "मामा, पावसाळ्यात हा जरा खचेल ना?"

"काळी माती आहे," मी म्हटलं. "फुगेल."