वारली पाणी-चित्र कार्यशाळा

पाड्याचे झरे, विहिरी, ओढे, भातखाचरे, मासे आणि पावसाच्या खुणा वारली चित्रपद्धतीने एकत्र बसून चितारण्याचा कार्यक्रम. पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा हे तालुके, लगतचा नाशिक जिल्हा, दादरा-नगर हवेली आणि दक्षिण गुजरात हा वारली समाजाचा मुलूख. अशा कार्यशाळा पाड्यांवर आणि आश्रमशाळांत होतात, तशा शहरांतल्या शाळा-संग्रहालयांतही होतात. शहरातली बहुधा दोन-तीन तासांत उरकते आणि त्रिकोणी माणसे काढण्यापलीकडे जात नाही. खाली वर्णन केली आहे ती पाड्यावर, समाजातल्या चित्रकारांच्या आणि जाणत्या बायाबापड्यांच्या हाताखाली चालणारी, निदान तीन दिवसांची कार्यशाळा.

पार्श्वभूमी

जव्हार-मोखाड्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तरीही होळीनंतर विहिरींचा तळ दिसू लागतो. खाली कठीण काळा कातळ, वर पातळ माती आणि तीव्र उतार, त्यामुळे पाणी मुरत नाही. पिंजाळ, वैतरणा, सूर्या या नद्यांतून वाहून जाते. वैतरणेवरच्या धरणांतले पाणी मुंबईला जाते आणि मोखाड्यातल्या बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन दरीत उतरतात. पाणी कुठे झिरपते, कुठला झरा वैशाखापर्यंत टिकतो, कुठला होळीलाच आटतो, ही माहिती इथे पाणी भरणाऱ्या बायांकडे सर्वांत अचूक असते.

वारली चित्रे मुळात बायांचीच. लग्नात घराच्या भिंतीवर सवासिनी लग्नचौक, म्हणजे लग्नाचा चौकोनी चित्रविधी, लिहितात, त्यात पालघाट देवी असते आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, लग्नाची गाणी म्हणते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू भागातल्या चित्रकारांना कागद दिला. पुढे गंजाड गावच्या जिव्या सोमा म्हसे (निधन २०१८) यांनी रोजचे जगणे, शेती, शिकार, मासेमारी कागद-कापडावर आणली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. संपूर्ण चित्रभर पसरलेले मासेमारीचे जाळे ही त्यांची फार गाजलेली रचना, आणि पाण्याचा एक थेंबही न काढता पाणी कसे दाखवावे याचा तो आजही सर्वांत चांगला धडा आहे.

शिवारफेरी

चित्राआधी शिवारफेरी. ही पायरी गाळली तर भिंतीवर फक्त नक्षी उरते. सकाळी सहा-सातला, बाया पाण्याला निघतात त्याच वेळी निघावे. बरोबर पाणी भरणाऱ्या दोन-तीन बाया, एखादा भगत किंवा जुना मासेमार आणि मुले असावीत. गट पंधरा-वीस जणांचा. त्याहून मोठा झाला की पुढचे बोलतात आणि मागच्यांना काही ऐकू येत नाही.

प्रत्येक ठिकाणी चार गोष्टी विचारून वहीत टिपतात: जागेचे पाड्यावरचे नाव, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, पिण्याचे की गुरांचे, आणि तिथे कोणता देव किंवा कोणते झाड आहे. उंबर असलेल्या जागी खाली पाणी असते, असे इथले लोक मानतात. नदी आटल्यावर पात्रातल्या वाळूत खणलेल्या झिऱ्याची जागा दरवर्षी कोण ठरवतो, तो किती खोल जातो, भोवती दगड का रचतात, हेही याच वेळी विचारावे. वाळूची बाजू ढासळून पाणी गढूळ होऊ नये म्हणून दगड रचतात. चित्रात झिरा काढताना मुले नुसते भोक काढतात, दगडांचे कडे विसरतात.

पावसाच्या खुणा वेगळ्या टिपाव्यात. बहावा फुलल्यावर दीड महिन्याने पाऊस येतो असे मानतात. मुंग्या अंडी उचलून उंचावर नेऊ लागल्या, झाडावर काजव्यांचे थवे लुकलुकू लागले, पावशा ओरडू लागला की राब (भातरोपांसाठी पालापाचोळा जाळून तयार केलेली जमीन) भाजून झाला आहे ना हे पाहिले जाते. पहिल्या सरींबरोबर शेवळे ही रानभाजी उगवते. शेवळे खाजरे असते, म्हणून ते काकडाच्या आंबट फळांशिवाय शिजवत नाहीत. शेवळ्याच्या चित्राशेजारी काकड काढला तर ते ज्ञान चित्रात उतरले. त्याच दिवसांत ओढ्यातले मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढून थेट भातखाचरांत शिरतात. याला वळगण म्हणतात. अंड्यांनी भरलेला मासा पकडावा की सोडावा यावर पाड्यावर मतभेद असतात आणि ते मतभेद चित्राच्या चर्चेत यावेत.

साहित्य

वीसेक जणांसाठी मांजरपाटाचे सुमारे एक मीटर रुंद, दीड मीटर लांब असे सहा तुकडे पुरतात. एकावर तीन-चार जण बसतात. नवा मांजरपाट खळ घातलेला असतो. तो आदल्या दिवशी धुऊन वाळवावा, नाहीतर गेरू खळीवर बसतो आणि कापड घडी घातले की पापुद्रा निघतो. चित्राच्या जमिनीसाठी, म्हणजे पाठीमागच्या तांबड्या थरासाठी, दीड किलो गेरू, एक किलो ताजे शेण आणि साधारण तीन लिटर पाणी घेऊन कालवतात आणि पातळ फडक्यातून गाळतात, म्हणजे खडे आणि काड्या राहत नाहीत. दोन हात द्यावेत, दुसरा पहिल्याच्या आडवा, पहिला पूर्ण वाळल्यावरच. पारंपरिक घरात भिंत कारवीच्या काठ्यांची असते, त्यावर माती-शेणाचा लिंपणथर आणि वर गेरू. भिंतीवर काम करायचे असेल तर लिंपण दोन दिवस आधी व्हायला हवे.

पांढऱ्या रंगासाठी अर्धा किलो तांदूळ रात्रभर भिजवून पाट्यावर अगदी बारीक वाटतात आणि फडक्यातून गाळतात. कच्च्या पिठाला स्वतःचा चिकटपणा नसतो, म्हणून वाळल्यावर ते झडते. यासाठी पन्नास ग्रॅम बाभळीचा डिंक दोनशे मिलिलिटर गरम पाण्यात आदल्या रात्री विरघळवून ठेवतात आणि तो रंगात थोडा-थोडा घालतात. डिंक जास्त झाला की रेषा चकाकते आणि तडकते. रंग मऊ ताकासारखा असावा. काडी उचलली की थेंब सावकाश सुटायला हवा. ओला असताना हा रंग जवळपास दिसत नाही, वाळला की पांढरा उमटतो. हे न सांगितल्यास नवशिके पुन्हा-पुन्हा फिरवतात आणि रेषा जाड होऊन बसते. एका दिवसात रंग आंबतो, म्हणून रोज ताजा वाटावा. पावसाळ्याच्या दमट हवेत त्यावर बुरशी चढते.

काडी बांबूची, वीतभर लांब, आगपेटीच्या काडीएवढी. एक टोक चावून किंवा दगडाने ठेचून पाऊण सेंटिमीटरपर्यंत तंतू मोकळे करतात. ठिपक्यांसाठी न ठेचलेली वेगळी काडी ठेवतात.

रेखाटन

रेषा मारण्याआधी कापडाच्या मधोमध पाड्याचा मुख्य पाणवठा ठरवतात, आणि इतर सगळे त्याच्या भोवती येते. वारली चित्रात एकच नजर नसते. विहीर वरून, वर्तुळात वर्तुळ अशी. तिच्या काठावरच्या बाया बाजूने. शाळेत दूर-जवळ शिकलेली मुले विहीर लंबगोल काढतात आणि तिथेच चित्राची वीण सुटते. ओढ्याला दोन काठ असतात, आत लहरी रेषा आणि मासे. निळा रंग लागत नाही. पाऊस ठिपक्यांनी किंवा तिरक्या छोट्या रेघांनी. रेघा एकाच दिशेला हव्यात, कारण वारा एकाच दिशेने असतो.

माणूस म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण. बाई हंडा घेऊन चढणीला असेल तर वरचा त्रिकोण किंचित पुढे झुकतो, मान ताठ राहते आणि एक हात हंड्याला. उतरताना कंबर मागे जाते. सगळ्या आकृत्या सरळ उभ्या ठेवल्या की चढण नाहीशी होते आणि ती बाई बाजारात उभी आहे असे वाटते. यासाठी कापडावर येण्याआधी फेरीतल्या बाईला दोन वेळा चढून-उतरून दाखवायला सांगावे.

जाळे कडेपासून सुरू करतात. आधी बाहेरची रेषा, मग तिला टेकून पहिली ओळ, मग पुढच्या. वरून खाली जावे, म्हणजे हात ओल्या रेषेवर पडत नाही. जाळ्याची घरे थोडी लहान-मोठी झाली तरी चालते, पण जाळ्याला ताण दिसायला हवा: जिथे मासा अडकला तिथे घरे खेचली जातात. पट्टी वापरली की जाळे मच्छरदाणीसारखे मेलेले दिसते.

तिसऱ्या दिवशी वहीतली नावे चित्राशी ताडून पाहतात. कुठला झरा राहिला, कुठल्या विहिरीवर आता पंप बसला हे फेरीतल्या बाया कापडावर बोट ठेवून सांगतात. विसंगती आढळली तर मिटवत नाहीत, शेजारी नवी आकृती काढतात. तांदळाचा रंग ओल्या फडक्याने पुसला तर खालचा गेरूही सुटून येतो.

वेळ, मर्यादा आणि जपणूक

२२ मार्चला, जागतिक जल दिनाच्या सुमारास कार्यशाळा घेणे सोयीचे: राब भाजणे चालू असले तरी लोकांना सवड असते आणि आटलेले झरे प्रत्यक्ष दिसतात. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, वाहते ओढे दिसतात. पण त्या वेळी आवणी (भाताची लावणी) लांबली असेल तर पाड्यावर माणूस मिळत नाही, आणि कापडही वाळत नाही.

लग्नचौक आणि पालघाट कार्यशाळेत काढायला लावू नये. ते लग्नविधीचे अंग आहे आणि त्यावर धवलेरी व सवासिनींचा अधिकार आहे. देवस्थानाच्या झऱ्याचे चित्र काढायचे का, याचाही निर्णय पाड्यावरच होतो. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले. म्हणून समाजाबाहेरच्या व्यक्तीने काढलेले चित्र ‘अस्सल वारली’ म्हणून विकणे चूक. कापड कोणाकडे राहील, त्याचे फोटो कोण वापरेल आणि चित्रकाराला व वाट दाखवणाऱ्या बायांना किती मानधन, हे पहिल्याच दिवशी सर्वांसमोर ठरवावे. बाहेरून येणारे आयोजक चित्रकाराला पैसे देतात आणि फेरीतल्या बायांना चहा पाजून पाठवतात, ही फार सर्रास दिसणारी आणि लाजिरवाणी गोष्ट आहे.

पूर्ण वाळलेले कापड घडी न करता बांबूवर गुंडाळून, आत कडुलिंबाची पाने घालून कोरड्या जागी ठेवतात. तांदळाच्या रंगाला झुरळे आणि कसर लागते. पाने दर दोन-तीन महिन्यांनी बदलावीत. पाणवठ्यांची नावे असलेल्या वहीची एक प्रत शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत ठेवावी, कारण नव्या विहिरीची किंवा बंधाऱ्याची जागा ठरवताना तीच कामी येते.