तबकडी पुसू नका, तशीच आणा
(चित्रपटगीतांच्या वाद्यधुनांच्या जुन्या रेकॉर्ड्स डिजिटल करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

मूळ गाणी आता फोनवर हवी तेव्हा मिळतात. पण व्हॅन शिप्ले किंवा सुनील गांगुली यांनी हवाईयन गिटारवर वाजवलेली गाणी, आपल्या पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांचं अकॉर्डियन, मास्टर इब्राहिम यांचं क्लॅरिनेट, यातलं तुमच्या घरच्या कव्हरवर जे छापलंय नेमकं तेच सापडेल याचा भरवसा नाही. म्हणून लोक या रेकॉर्ड्स घेऊन आमच्याकडे येतात. संध्याकाळी चहाच्या वेळी किंवा घरी पाहुणे जमले असताना हळू आवाजात लावायला यापेक्षा बरं संगीत आम्हाला तरी माहीत नाही. शब्द नसल्यामुळे ते गप्पांच्या आड येत नाही.

‘यातून गायकाचा आवाज काढलाय का?’ असं बरेच जण विचारतात. नाही, तुम्ही म्हणताय तो कराओके. इथे सगळी चाल वादकाने नव्याने वाजवलेली असते. मुखडा-अंतरा तोच, पण मधले म्युझिक पीस कधी छाटलेले, कधी बदललेले. वाजवणारी मंडळी मात्र पुष्कळदा तीच. मनोहारी सिंग मूळ गाण्यांच्या रेकॉर्डिंगलाही सॅक्सोफोन वाजवत आणि वाद्यधुनांच्या रेकॉर्ड्सही त्यांनी स्वतंत्र केल्या. तेव्हा ‘मूळ गाण्यासारखं वाजत नाही’ ही तक्रार आमच्या काउंटरवर करून उपयोग नाही. प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’ ऐकून पाहा, मग गायक आठवतोय का ते सांगा.

आता मुद्द्याचं. आमचा सगळ्यात जास्त वेळ रेकॉर्डिंगमध्ये जात नाही, तुम्ही घरी केलेली सफाई निस्तरण्यात जातो. ‘इतकी घाण कशी द्यायची’ म्हणून लोक तबकडी ओल्या फडक्याने पुसतात, नळाखाली धरतात, काच पुसायचा फवारा मारतात. चकाकी यावी म्हणून खोबरेल तेल लावून आणलेल्याही रेकॉर्ड्स आम्ही पाहिल्यात. कोरडी धूळ खाचांमध्ये नुसती बसलेली असते, ती निघते. ओल्या फडक्याने तिचा चिखल होतो आणि तो खाचेच्या तळाशी जाऊन वाळतो. तेलात तर ती चिकटूनच बसते. नळाखाली मधलं लेबल सुटतं ते वेगळंच.

७८ आरपीएमची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) जुनी, जड, पडली की फुटणारी तबकडी असेल, तर सॅनिटायझर किंवा स्पिरिट अजिबात नको. ती लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार पॉलिशसाठी चपडा, म्हणजे लाखच, स्पिरिटमध्ये भिजत घालतो, हे तुम्ही पाहिलं असेलच. पुसताना फडक्याला काळं लागलं, तर ती धूळ नव्हे, तबकडी निघतेय. असं झाल्यावर आम्हीही काही करू शकत नाही. आणखी एक, या तबकड्या घरच्या एलपीच्या (नंतरच्या, प्लास्टिकच्या लाँग-प्ले रेकॉर्डच्या) सुईवर लावून बघू नका. त्यांची खाच कितीतरी रुंद असते. त्यासाठी आमच्याकडे वेगळी सुई आहे.

पावसाळ्यातल्या बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तरी हात लावू नका. आम्ही डिस्टिल्ड वॉटरने धुऊन पाणी मशीनने ओढून घेतो. हे धुणं दरातच धरलेलं आहे, मग घरी खटाटोप कशाला?

एवढ्यावर का अडून बसतो, तर गाण्यात कान शब्दांकडे असतो, थोडी खरखर खपून जाते. वाद्याला तसा आडोसा नसतो. हवाईयन गिटारचा सूर घसरत जाऊन विरतो, नेमकी तिथे टकटक ऐकू येते. ‘मग सॉफ्टवेअरने सगळं साफ करा ना,’ असं म्हणतात. करता येतं, पण सॉफ्टवेअरला बासरीवाल्याचा श्वास आणि खरखर यातला फरक नीट कळत नाही. मेंडोलिनच्या तारेवरचा आघातही त्याला टकटकच वाटतो. सगळं पुसून काढलं की वाद्य उशीखाली ठेवल्यासारखं वाजतं. म्हणून मोठे ओरखडे आम्ही एकेक करून काढतो आणि थोडी खरखर मुद्दाम ठेवतो. कुठे स्वस्तात ‘शंभर टक्के स्वच्छ’ करून मिळत असेल तर आधी नमुना ऐका, मग ठरवा.

‘कॉपी करायला पाच मिनिटं पुरतील ना?’ नाही. ४० मिनिटांची एलपी ४० मिनिटंच वाजते आणि कुणीतरी शेजारी बसून ऐकावी लागते. तुम्हाला दोन प्रती मिळतात. एक २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची, म्हणजे आवाजाचा बारीक तपशील टिकवणारी मूळ प्रत (एका एलपीला साधारण १.४ जीबी, ती जपून ठेवा) आणि दुसरी एमपी३, गाडीत आणि फोनवर वाजवायला. गाडीतल्या पेनड्राइव्हवर मूळ प्रत टाकून ‘वाजतच नाही’ असा फोन करू नका.

दुसऱ्या ग्राहकाच्या रेकॉर्डची प्रत कुणालाही मिळणार नाही, ओळखीतसुद्धा नाही. तुमचीही दुसऱ्याला दिली जात नाही.

आणताना रेकॉर्ड्स कव्हरसकट, उभ्या ठेवून आणा. एकावर एक रचून नको. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवल्या तर एलपी वाकते. कव्हर फाटलं असलं तरी टाकू नका, त्यावरच्या वादकांच्या आणि चित्रपटांच्या नावांवरूनच आम्ही फायलींना नावं देतो. कॅसेट्सही घेतो, पट्टी तुटलेल्यासुद्धा. दहापेक्षा जास्त रेकॉर्ड्स असतील तर शहरात घरी येऊन नेतो. षष्ट्यब्दी किंवा लग्नाच्या वाढदिवसासाठी हव्या असतील तर महिनाभर आधी द्या. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात नवीन काम घेत नाही.