नव्या मोटारीचा भाव ठरवणे (बेळगाव सीमाभाग)

नवी मोटार घेताना डीलरशी बोलून तिची सवलत, विमा, कर्ज, जुन्या गाडीची किंमत आणि सोबतच्या वस्तूंचा खर्च ठरवून घेण्याचा व्यवहार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या पट्ट्यात त्याला एक जादा अंग आहे. इथल्या मराठी घरांचे सोयरेधायरे कोल्हापूर, सांगली, चंदगड, गोव्यात असतात. निपाणीकराला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ आणि अथणीकराला मिरज-सांगली जवळ. त्यामुळे एकाच गाडीची दोन राज्यांतली कोटेशने घरात येतात. शेजारी ठेवली की कोल्हापूरची गाडी स्वस्त दिसते, आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते. कारण तो फरक डीलरने सोडलेला नसतो, राज्याच्या कराचा असतो. बेळगावात राहणाऱ्याला तो मिळत नाही.

किमतीची फोड

एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते आणि तिच्यात जीएसटी धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना १८ टक्के, त्याहून मोठ्या गाड्यांना ४० टक्के आणि विजेवरच्या गाड्यांना ५ टक्के दर आहे. या किमतीवर आजीवन रस्ता कर, नोंदणी शुल्क, विमा आणि फास्टॅग चढतो. एक्स-शोरूम किंमत १० लाखांच्या वर गेली की १ टक्का टीसीएसही (विक्रीच्या वेळीच डीलरने घ्यायचा आयकर) लागतो. टीसीएस हा खर्च नव्हे. तो खरेदीदाराच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्र भरले की करात वळता होतो किंवा परत मिळतो. पॅन चुकीचा नोंदला तर मात्र तो अडकतो.

कर्नाटकात खाजगी मोटारीचा आजीवन कर किमतीच्या टप्प्याप्रमाणे चढतो: ५ लाखांपर्यंत १३ टक्के, १० लाखांपर्यंत १४, २० लाखांपर्यंत १७ आणि त्यापुढे १८. या करावर ११ टक्के उपकर बसतो. म्हणजे ५ ते १० लाखांत प्रत्यक्ष भार १५.५४ टक्के आणि १० ते २० लाखांत १८.८७ टक्के. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि २० लाखांपर्यंत १२ टक्के कर आहे, डिझेलला त्याहून दोन टक्के जास्त. ९ लाखांच्या पेट्रोल गाडीवर बेळगावात १,३९,८६० रुपये कर होतो, कोल्हापुरात ९९,०००. १२ लाखांच्या गाडीवर हा फरक ८२,४४० रुपयांवर जातो. दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून बुकिंगच्या आठवड्यात परिवहन संकेतस्थळावर पाहून घ्यावेत.

टप्प्यांची ही रचना मॉडेल निवडतानाच लक्षात ठेवायला हवी. ९,९५,००० च्या गाडीला कर १,५४,६२३ रुपये आणि १०,०५,००० च्या गाडीला सुमारे १,८९,६४४. वरचे व्हेरियंट फक्त दहा हजारांनी महाग दिसते, पण करात ३५ हजार आणि शिवाय टीसीएस भरावा लागतो. शोरूममध्ये 'एवढ्यात टॉप मॉडेल येतंय की' असे म्हटले जाते तेव्हा हा हिशेब कोणी आपणहून मांडत नाही.

कोल्हापूरच्या नंबरचा मोह

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४० प्रमाणे मालक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो आणि गाडी सामान्यतः जिथे ठेवली जाते, त्या राज्यातल्या आरटीओकडे नोंदणी करायची असते. बेळगावला केए-२२, चिकोडीला केए-२३, बैलहोंगलला केए-२४ आणि गोकाकला केए-४९ हे क्रमांक आहेत. कोल्हापूरच्या डीलरकडून घेतलेली गाडीसुद्धा तात्पुरत्या नोंदणीवर आणून इथेच कायम नोंदवावी लागते आणि कर कर्नाटकाला भरावा लागतो. कोल्हापूरच्या पाहुण्याच्या नावावर एमएच-०९ ची गाडी घेऊन ती बेळगावात फिरवणे ही पळवाट नाही. कलम ४७ प्रमाणे १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीला तिथला क्रमांक घ्यावाच लागतो. शिवाय मालकी, कर्ज, विमा आणि नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) सगळे पाहुण्याच्या नावावर राहते. अपघाताची नुकसानभरपाईही नोंदणीकृत मालकाकडे मागितली जाते. चाळीस-ऐंशी हजारांसाठी नात्यात असा गुंता करू नये.

मग कोल्हापूरचे कोटेशन कशाला आणायचे? बोलणीतल्या ताकदीसाठी. तिथल्या डीलरकडून 'तात्पुरती नोंदणी, कर्नाटकाचा पत्ता' असे स्पष्ट सांगून कोटेशन घ्यावे आणि त्यातली एक्स-शोरूम किंमत व सवलत एवढ्याच दोन ओळी बेळगावच्या कोटेशनशी ताडाव्यात. काही कंपन्या डीलरला त्याच्या हद्दीबाहेर विकू देत नाहीत, तेव्हा हुबळीचे कोटेशन उपयोगी पडते. राज्य तेच असल्याने तिथल्या ऑन-रोड किमतीची (कर, विमा सगळे धरून) तुलनाही सरळ होते. बेळगावात एखाद्या कंपनीचा एकच डीलर असेल तर हुबळीशिवाय घासाघीस करताच येत नाही असे समजावे.

सैन्यातल्यांची गोष्ट निराळी. बेळगाव, खानापूर, चंदगडातून मराठा लाइट इन्फंट्रीत आणि इतर दलांत असलेल्या घरांना दोन वाटा असतात. सेवेत असलेल्यांना बीएच मालिकेचा (राज्य बदलले तरी चालणारा) क्रमांक मिळतो. त्यात कर एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो. दर १० लाखांपर्यंत ८ टक्के, २० लाखांपर्यंत १० आणि पुढे १२ टक्के असून डिझेलला दोन टक्के जास्त. बदली होत राहणाऱ्याला हा सोयीचा. दुसरी वाट सीएसडी म्हणजे सैन्याच्या कॅन्टीनची, जी पात्र माजी सैनिकांनाही खुली असते. कॅन्टीनची किंमत ठरलेली असते, त्यामुळे डीलरशी बोलणी उरतात ती विमा आणि ॲक्सेसरीजपुरती.

बोलणी

'फायनल किती करून देतासा?' हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला जातो आणि तो ग्राहकाच्याच अंगावर येतो. सेल्समन ऑन-रोड आकडा सांगतो, त्यातून पाच-सात हजार सोडतो आणि बाकीच्या ओळी झाकल्या जातात. त्याऐवजी विचारावे: 'एक्स-शोरूमवर किती सूट, त्यात कंपनीची किती नि तुमची किती, आणि ती बिलात दाखवणार का?' सवलतीचे प्रकार अनेक असतात: कंपनीची रोख योजना, एक्स्चेंज बोनस, नोकरदारांसाठी कॉर्पोरेट सूट, जुन्या ग्राहकाची लॉयल्टी सूट आणि डीलरची स्वतःची. पहिल्या चार कंपनीच्या पत्रकाप्रमाणे ठरतात, पात्र असाल तर त्या मागून घ्याव्यात. घासाघीस होते ती शेवटच्या सवलतीवर. डीलरचा गाडीवरचा नफा एक आकडी टक्क्यांत असतो, त्यामुळे तिथे अशक्य आकडा धरून बसण्यात अर्थ नाही. त्याची खरी कमाई विमा, कर्ज, ॲक्सेसरीज आणि वाढीव वॉरंटीत असते. आपला जोरही तिथेच लावावा.

नमुन्यादाखल एक कोटेशन घेऊ. एक्स-शोरूम ९,००,०००, कर १,३९,८६०, नोंदणी शुल्क ६००, कर्जाचा बोजा नोंदवण्याचे १,५००. इथपर्यंतच्या ओळींत कर आणि शुल्कावर बोलण्यासारखे काही नाही. पुढे विमा ४२,०००, ॲक्सेसरीज किट १८,०००, वाढीव वॉरंटी १६,०००, 'हँडलिंग' ७,५००. आणि ठळक अक्षरांत सूट १५,०००. सगळ्यांचे डोळे त्या पंधरा हजारांवर जातात, पण वरच्या चार ओळींत ८३,५०० रुपये आहेत. बाहेरचे कोटेशन दाखवून विमा ३१,००० वर आला, किट नाकारले, वॉरंटी पुढे ढकलली आणि हँडलिंग काढायला लावले तर सूट एक रुपयाही न वाढता खिशातून ५२,५०० कमी जातात.

हँडलिंग, डेपो, लॉजिस्टिक अशा नावांच्या ओळीचे बिल मागावे. गाडी शोरूमपर्यंत आणणे हा विक्रीचाच भाग आहे, आणि शिक्क्याच्या पावतीवर ती रक्कम लिहून मागितली की ही ओळ बऱ्याचदा आपोआप गळते. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटसाठी वेगळे पैसे मागितले तर तेही विचारावे, कारण १ एप्रिल २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांना ती गाडीसोबतच यायची असते.

फुकट किटला भुलू नये. छापील किमतीला १८,००० चे किट डीलरला त्याहून बरेच स्वस्त पडते. मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर शहरातल्या ॲक्सेसरीजच्या दुकानात कमी पैशांत मिळतात, म्हणून किटऐवजी रोख सूट मागावी. विजेवर चालणाऱ्या गोष्टी, म्हणजे दिवे, कॅमेरा, म्युझिक सिस्टिम, मात्र कंपनीच्या कपलरवर बसणाऱ्याच घ्याव्यात. बाहेर वायर कापून जोड दिला की पुढे इलेक्ट्रिकल बिघाड झाल्यावर वॉरंटी नाकारायला ते निमित्त होते. वाढीव वॉरंटी चांगली गोष्ट आहे, पण ती मूळ वॉरंटी संपण्याआधी घेता येते. उशीर केला तर दर वाढतो, तो आधी विचारून ठेवावा.

विमा

नव्या खाजगी गाडीला सप्टेंबर २०१८ पासून तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्याचा दर सरकारी असतो: २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे १००० सीसीपर्यंत ६,५२१, १५०० सीसीपर्यंत १०,६४० आणि त्यापुढे २४,५९६ रुपये, अधिक जीएसटी. या भागात सूट नसते. सूट असते गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात, आणि डीलरचा व बाहेरचा विमा यांत फरक पडतो तो इथे. ताडताना आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, सारखा आहे ना ते आधी पाहावे (नव्या गाडीला एक्स-शोरूमच्या ९५ टक्के धरतात), मग झिरो डेप्रिसिएशन (घसारा न कापता भरपाई), इंजिन संरक्षण वगैरे जोड सारखे आहेत ना ते. घाट आणि खानापूरकडचा पाऊस पाहता इंजिन संरक्षण काढून स्वस्त केलेले कोटेशन खरे स्वस्त नव्हे. पाणी भरलेल्या रस्त्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला गेले की इंजिन जाते, आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान बसत नाही.

विमा डीलरकडूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही. तरीही बाहेरचे कोटेशन दाखवून डीलरकडून तोच दर करून घेणे शहाणपणाचे, कारण क्लेमच्या वेळी वर्कशॉपशी वाद कमी होतात. जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. जुनी गाडी दिल्यावर जुन्या विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेतले की नव्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. पत्र तीन वर्षे चालते.

कर्ज आणि जुनी गाडी

या भागात बँकांइतकेच पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्थांकडून गाडीला कर्ज घेतात. 'सात टक्के फ्लॅट' आणि 'नऊ टक्के घटत्या शिलकीवर' यांत पहिले स्वस्त वाटते. पण फ्लॅटमध्ये व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर लागते, घटत्या शिलकीत उरलेल्या मुद्दलावर. ६ लाख पाच वर्षांसाठी ७ टक्के फ्लॅटने घेतले तर व्याज २,१०,००० आणि हप्ता १३,५०० पडतो. घटत्या शिलकीवर हा दर जवळजवळ साडेबारा टक्के होतो. ९ टक्के घटत्या शिलकीने हप्ता सुमारे १२,४५५, आणि पाच वर्षांत साठ हजारांवर वाचतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्तकंपन्यांनी कर्जाआधी मुख्य तथ्य पत्रक द्यायचे असते. त्यातला एकूण वार्षिक दर हाच तुलनेचा आकडा. उसाच्या बिलाची रोकड घेऊन येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की एका व्यवहारात दोन लाख वा त्याहून जास्त रोख डीलरला घेता येत नाही.

जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या सवलतीत मिसळू देऊ नये. आधी नवीचा भाव लिहून घ्यावा, मग जुनीचा विषय काढावा. दोन्ही एकत्र बोलले की एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने जाते. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करून गाडी दिली तरी आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंत जबाबदारी जुन्या मालकाची राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून गाडी ताब्यात दिल्याची तारीख-वेळेसह पोच घ्यावी.

केव्हा

दसरा, दिवाळी पाडवा, गुढी पाडवा, अक्षय्य तृतीया या मुहूर्तांना डिलिव्हरीची रीघ असते आणि डीलर सोडत नाही. पितृपक्षात आणि आषाढात शोरूम ओस असतात. त्या दिवसांत भाव ठरवून, बुकिंग करून दसऱ्याला गाडी न्यावी, मुहूर्तही साधतो. मात्र बिलाच्या दिवशीची किंमत लागू होते, म्हणून ठरलेली सवलत डिलिव्हरीपर्यंत कायम राहील असे बुकिंग फॉर्मवर मॅनेजरच्या सहीने लिहून घ्यावे. सेल्समनच्या तोंडी शब्दाला मॅनेजर बांधील राहत नाही. जानेवारीत गेल्या वर्षी बनलेली गाडी मिळत असेल तर त्याची वेगळी, भरघोस सूट मागावी, कारण पुढे विकताना भाव उत्पादनाच्या वर्षावर ठरतो. प्रतीक्षा यादी असलेल्या मॉडेलवर सूट मिळत नाही. तिथे जादा वस्तू नाकारता आल्या तरी पुष्कळ.

डिलिव्हरी आणि तक्रार

पैसे डीलरच्या कंपनी खात्यावरच भरावेत, सेल्समनच्या खाजगी नंबरवर नाही. शेवटची रक्कम चासी नंबर मिळून गाडी डोळ्यांनी पाहिल्यावर द्यावी, आणि हे नोंदणीच्या आधी व्हावे. एकदा नंबर पडला की गाडी नाकारणे जवळपास अशक्य होते. उजेडात रंगाच्या छटा पाहाव्यात, चारही टायर आणि स्टेपनीवरचा आठवडा-वर्षाचा चार आकडी शिक्का जुळतो का ते पाहावे, किलोमीटर वाचावेत. फॉर्म २१ वर (विक्री प्रमाणपत्र) उत्पादनाचा महिना-वर्ष असते, ते कोटेशनशी ताडावे.

कबूल केलेली सूट दिली नाही किंवा बिलाविना पैसे घेतले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. त्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. व्यवहार ५० लाखांपर्यंतचा असेल तर तिथे दाद मागता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे गाडी कोल्हापुरात घेतलेली असली तरी बेळगावच्या ग्राहकाला तक्रार बेळगावातच दाखल करता येते. सोबत शिक्का-सहीचे कोटेशन, बुकिंग फॉर्म, पैसे भरल्याच्या पावत्या आणि डीलरशी झालेले मेसेज जोडावेत.