नगरपालिकेच्या गाडीला विमा लागत नाही?

‘घंटागाडी, टँकर, अग्निशमन बंब ही सरकारी वाहने, त्यांना विमा लागत नाही, त्यामुळे अपघातात भरपाईही नाही’ असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे.

गैरसमज होणे साहजिक आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार केंद्र व राज्य सरकारच्या मालकीच्या, व्यापारी कामात नसलेल्या वाहनांना तृतीय पक्ष विम्यातून (म्हणजे आपल्या वाहनामुळे दुसऱ्याला झालेल्या हानीची भरपाई देणाऱ्या सक्तीच्या विम्यातून) सूट आहे. नगरपरिषद मात्र कायद्याच्या भाषेत ‘स्थानिक प्राधिकरण’. तिला सूट आपोआप मिळत नाही. शासनाचा तसा आदेश लागतो आणि त्यासाठी भरपाईचा स्वतंत्र निधी उभारून तो कायम राखावा लागतो. छोट्या शहराला हे परवडत नाही. मृत्यूच्या एका दाव्यातही रक्कम लाखांत जाते, विम्याचा हप्ता त्या मानाने किरकोळ.

आणि भरपाईचे म्हणाल, तर विमा नसला तरी ती बुडत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरवलेली रक्कम वाहनमालकाने, म्हणजे नगरपरिषदेने, स्वतःच्या तिजोरीतून द्यायची. गडबड बहुधा विम्याच्या नूतनीकरणात होते: हप्त्याचे बिल मंजुरीच्या फायलीत अडकते, तेवढ्यात पॉलिसी संपते.

तपासायचे तर एमपरिवहन अ‍ॅपवर वाहन क्रमांक टाका, विम्याची मुदत दिसते. मालकाचा रकानाही पाहा. घंटागाडी ठेकेदाराची असेल तर विमा त्याने काढायचा. शंका उरल्यास माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून पॉलिसीची प्रत मागा. उत्तराची मुदत ३० दिवस.