पिल्लाची शी-शूची सवय (फ्लॅटमधील)

कुत्र्याच्या लहान पिल्लाला घरात वाटेल तिथे न करता ठरलेल्या जागी शी-शू करायला शिकवणे, याला घरोघरी नुसते 'सवय लावणे' म्हणतात. पिल्लू साधारण आठ आठवड्यांचे असताना हे काम सुरू होते आणि पाच-सहा महिन्यांचे होईपर्यंत चालते. अगदी लहान चणीच्या जातींना याहूनही जास्त वेळ लागतो. इंदुरात बहुमजली इमारतीला 'मल्टी' म्हणतात. मल्टीच्या चौथ्या मजल्यावर सवय लावणे आणि अंगण असलेल्या घरात लावणे, ही दोन वेगळी कामे आहेत.

इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीत कुत्रा अंगणातला असे. होळकरांचे कुलदैवत खंडोबा, आणि खंडोबाच्या चित्रात घोड्याशेजारी कुत्रा असतोच. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा घास कुत्र्यासाठी काढून ठेवण्याची रीत अनेक घरांत आहे. पण त्याने शी-शू कुठे करावी, हे कोणाला शिकवावे लागले नाही, कारण माती पायाखालीच होती. मल्टीत दाराबाहेर जिना, लिफ्ट आणि शेजाऱ्याचे पायपुसणे असते. माती चार मजले खाली.

पिल्लाला स्वच्छतेची जाण उपजत असते. पहिले दोन-तीन आठवडे आई चाटते तेव्हाच त्याला शू होते आणि आईच ती साफ करते. पाय सावरले की ते झोपायच्या जागेपासून दूर जाऊन करू लागते. आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास पायाखाली काय असताना करायचे, याची आवड पक्की होऊ लागते. म्हणून आईपासून लवकर तोडलेले पिल्लू सवयीला जड जाते. कुत्र्यांची पैदास व विक्री यांबाबतच्या 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. घेणाऱ्याने हे वय स्वतःहून विचारून घ्यावे.

शू किती वेळ रोखता येते याचा ढोबळ हिशेब असा: वयाचे जितके महिने, त्यात एक मिळवून येतील तितके तास. दोन महिन्यांच्या पिल्लाला जेमतेम तीन तास, तेही झोपेत. जागेपणी तासातासाला न्यावे लागते. झोपून उठल्याबरोबर, खेळ थांबल्यावर आणि खाल्ल्यावर पंधरा मिनिटे ते अर्ध्या तासात, या तीन वेळा चुकवायच्या नाहीत. पोटात अन्न गेले की आतडी हलू लागतात, म्हणून खाण्याची वेळ ठरली की शीची वेळही आपोआप ठरते. दिवसभर वाटी भरून ठेवणाऱ्या घरात ती कधीच ठरत नाही.

खरी अडचण लसीकरणाची आहे. लशींचे डोस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सुमारे सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. तोवर इमारतीखालची माती पिल्लासाठी धोक्याची असते. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलटीच्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि आजारी कुत्र्याच्या शीतून तिथे येतो; साध्या फिनाईलने तो मरेल याचा भरवसा धरता येत नाही. म्हणजे सवय लागण्याच्या नेमक्या वयात खाली नेता येत नाही. यातून दोन टप्पे होतात: आधी घरातली जागा, मग खालची माती.

घरातली जागा म्हणजे गॅलरी किंवा बाथरूमचा कोपरा. पुष्कळजण तिथे जुने वर्तमानपत्र अंथरतात. पण ज्या घरात आजोबा पेपर जमिनीवर पसरून वाचतात, तिथे पिल्लू त्या पेपरवर जाऊन बसले तर त्याचे काय चुकले? उथळ ट्रेमध्ये माती किंवा हिरवळ भरणे कधीही चांगले. पायाला मातीची ओळख राहते आणि पुढे खाली नेल्यावर 'हीच ती जागा' हे त्याला लगेच कळते. माती मात्र जिथे दुसरी कुत्री फिरत नाहीत तिथली हवी. चकचकीत फरशीवर पिल्लाला शोषून घेणारे काही लागते, म्हणून ते पायपुसणे, सतरंजी, गादी शोधते. पहिले तीन महिने पायपुसणी उचलून ठेवावीत. लक्ष ठेवायला कोणी नसेल तेव्हा पिल्लाला ते उभे राहून वळू शकेल एवढ्याच पिंजऱ्यात किंवा खोलीच्या आडोसा केलेल्या भागात, थोडा वेळच ठेवावे.

जवळून पाहिले तर खूण स्पष्ट दिसते. खेळता खेळता पिल्लू थांबते, नाक फरशीला लागते, शेपटी किंचित वर होते आणि ते एकाच जागी अर्धा फेरा मारते. त्या क्षणी हातात दोन सेकंद असतात. न ओरडता उचलून ट्रेवर ठेवायचे, 'शू' म्हणायचे आणि झाल्याबरोबर, तिथेच, खाऊ द्यायचा. शब्द एकच हवा. इंदूरच्या मराठी घरात आई म्हणते 'शू कर', मुले 'सूसू', कामवाली मावशी 'चल बाहर'. पिल्लाला हे तीन वेगळे आवाज वाटतात.

चुकले तर नाक घासणे, चापट मारणे हे प्रकार आजही चालतात. ते क्रूर आहेत आणि निरुपयोगीही. पिल्लू त्यातून एवढेच शिकते की माणसांसमोर करायचे नाही. मग ते सोफ्यामागे करते आणि ट्रेवर तुमच्यासमोर करायला घाबरते. डाग कापडाने टिपून घेऊन एन्झाइमयुक्त क्लीनरने पुसावा. अमोनिया असलेले क्लीनर टाळावेत, त्यांचा वास पिल्लाला मुतासारखाच येतो. नुसता पोछा मारून वास राहिला, तर तीच जागा पुन्हा निवडली जाते.

आहाराकडे फारसे कोणी पाहत नाही. दूध-पोळी हे आपल्याकडचे पिढीजात खाणे, पण आईचे दूध सुटल्यावर बऱ्याच पिल्लांना गाई-म्हशीचे दूध पचत नाही आणि शी पातळ होते. पातळ शी रोखता येत नाही, त्यामुळे सगळी घडी विस्कटते. सकाळच्या पोह्यांतला चमचाभरही देऊ नये. कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नासवतो. भरितातल्या कांद्याचेही तेच, म्हणून चंपाषष्ठीचा घास बिनकांद्याचा काढावा.

लशी पूर्ण झाल्या की खाली न्यायचे. आरंभी लिफ्टमध्ये पिल्लू कडेवर घ्यावे. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली की जमिनीवर उभे असलेले पिल्लू हमखास तिथेच करते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि आवारातली फरशी पंजे भाजते, तेव्हा सकाळी लवकर आणि सूर्यास्तानंतरच न्यावे. पावसाळ्यात माळव्याची काळी माती पंजांना लिंपून बसते आणि काही पिल्ले ओल्या गवताला पायच लावत नाहीत. त्या दिवसांसाठी गॅलरीतला ट्रे काढून टाकू नये.

खाली केलेली शी उचलणे मालकाचे काम. स्वच्छ सर्वेक्षणात 2017 ते 2023 सलग देशात पहिले आलेल्या शहरात हे वेगळे सांगायला नको, तरी सांगावे लागते. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर किंवा त्याला लिफ्टमधून नेण्यावर बंदी घालता येत नाही. शी उचलणाऱ्या मालकाशी बहुधा कोणी वादही घालत नाही.

सवय पक्की झालेले पिल्लू अचानक घरात करू लागले, थोडी थोडी वारंवार शू करू लागले किंवा शूत रक्त दिसले, तर तो मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. कोणी आल्यावर आनंदाने किंवा भीतीने दोन थेंब सुटणे मात्र आजार नव्हे. बहुतेक पिल्लांत ते वयाबरोबर जाते. तोवर पाहुण्यांनी वाकून डोक्यावरून हात फिरवण्याऐवजी खाली बसून पिल्लाला आपणहून जवळ येऊ द्यावे.