हार्ट अटॅकची सुपारी स्वभावाने दिली का?

गेल्या वर्षी मामाला अटॅक आला. वय ६१. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला, चौथ्या दिवशी घरी. मग भेटायला येणाऱ्यांची रांग लागली, प्रत्येकाच्या हातात शहाळं आणि तोंडात एकच वाक्य, "स्वभावच तापट हो, हे कधीतरी होणारच होतं." मामी आत चहा टाकताना पुटपुटली की चाळीस वर्षं रोज दहा सिगारेटी ओढल्या त्याचं कुणी नाव घेत नाही. तेव्हा मी हसलो, पण नंतर वाचत बसलो तर कळलं की मामी जे बोलली तो या विषयाच्या इतिहासातला एक मोठा घोटाळाच आहे.

तर हा "तापट स्वभाव म्हणजे अटॅक" प्रकार कुठून आला? १९५०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत मेयर फ्रीडमन आणि रे रोझनमन असे दोन हार्टचे डॉक्टर होते. त्यांच्या वेटिंग रूममधल्या खुर्च्यांची कापडं बदलायला आलेला कारागीर म्हणाला, तुमचे पेशंट विचित्र आहेत, खुर्च्या फक्त पुढच्या कडेलाच झिजल्यात. म्हणजे पेशंट टेकून बसतच नव्हते, कधी नंबर लागतो म्हणून टोकावर बसून चुळबुळ. फ्रीडमननी तेव्हा लक्ष दिलं नाही, काही वर्षांनी त्यांना ते आठवलं. १९५९ साली दोघांचा पेपर आला आणि सतत घाईत असलेला, चढाओढ करणारा, लगेच भडकणारा जो माणूस त्याला 'टाइप ए' हे नाव मिळालं. मग कॅलिफोर्नियातल्या ३,१५४ पुरुषांवर साडेआठ वर्षं लक्ष ठेवलं, टाइप ए लोकांना हृदयविकार साधारण दुप्पट झाला. जगभर बोलबाला झाला.

पुढे मात्र गाडी घसरली. दुसऱ्या मोठ्या अभ्यासांत हा संबंध सापडेना. १९८८ साली तर त्याच कॅलिफोर्नियाच्या गटातल्या, ज्यांना हृदयविकार झाला होता अशा पुरुषांचं पुढे काय झालं ते पाहिलं, आणि त्यात टाइप ए वाले कमी दगावले होते! (माझा अंदाज, घाईचा माणूस दुखायला लागलं की डॉक्टरकडेही घाईने जातो. पण हा अंदाजच आहे.) आणि २०१२ साली लंडनच्या संशोधकांनी सिगारेट कंपन्यांची कोर्टकचेऱ्यांमुळे उघडी पडलेली जुनी कागदपत्रं चाळून दाखवलं की टाइप ए च्या संशोधनाला फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने वर्षानुवर्षं पैसा पुरवला होता. का पुरवला ते सांगायला नको. अटॅक स्वभावामुळे येतो असं एकदा ठरलं की सिगारेट निर्दोष सुटली. मामाला भेटायला आलेले पाहुणे नकळत कुणाची वकिली करत होते बघा.

मग स्वभावाचा आणि हार्टचा संबंध नाहीच का? आहे, पण तापट माणसापेक्षा घुम्या माणसाकडे बोट जातं. योहान डेनोलेट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात 'टाइप डी' मांडला. यात दोन गोष्टी एकत्र लागतात. एक, मनात सतत काळजी, चिडचिड, उदासी. दोन, ती लोकांसमोर दाखवायची नाही, लोक काय म्हणतील म्हणून गप्प. आपल्याकडे याला आतल्या गाठीचा म्हणतात. १४ प्रश्न असतात, सात एका गोष्टीचे सात दुसरीचे, दोन्हीकडे १० किंवा जास्त मार्क पडले की तुम्ही टाइप डी. १९९६ साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात हृदयविकाराच्या ३०३ पेशंटचा अभ्यास आला, सहा ते दहा वर्षांत टाइप डी मधले २७ टक्के गेले, बाकीच्यांतले ७ टक्के. भयंकर फरक. एवढा मोठा फरक नंतरच्या मोठ्या अभ्यासांत काही टिकला नाही, काहींत तर अजिबात दिसला नाही, त्यामुळे नेटवर 'तुम्ही टाइप डी आहात का' टेस्ट देऊन झोप उडवून घेऊ नका.

पण एक गोष्ट मला त्यातली फार आवडली. हार्ट फेल्युअरच्या पेशंटवरच्या एका डच अभ्यासात दिसलं की टाइप डी माणसांना त्रास जास्त जाणवत होता आणि तरी ते डॉक्टरला सांगत कमी होते. पायाला सूज आली, दम लागतोय, आणि साहेब गप्प. म्हणजे स्वभाव रक्तवाहिनीत शिरून काही काळी जादू करत नाहीये, तो फक्त फोन उचलू देत नाहीये.

आता ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं तिथे येतो. सॅन फ्रान्सिस्कोतच 'हार्ट अँड सोल' नावाचा अभ्यास झाला, त्याचा पेपर २००८ साली आला. १,०१७ लोक, सगळ्यांना हृदयविकार आधीच आहे पण स्थिर आहे. त्यातल्या १९९ जणांना डिप्रेशनची लक्षणं होती. सरासरी पाचेक वर्षं लक्ष ठेवलं. उदास गटात दरवर्षी १०० मधल्या १० जणांना अटॅक, स्ट्रोक, मृत्यू असं काहीतरी झालं, बाकीच्यांत ६.७ जणांना. आता उदास लोक मुळात जास्त आजारी असतील तर? म्हणून आजार किती गंभीर, डायबेटिस वगैरे आहे का, हे सगळं हिशेबात घेतलं. फरक उरला ३१ टक्के. मग शरीरातल्या भानगडी, म्हणजे सूज, हॉर्मोन वगैरे, हिशेबात घेतल्या. उरला २४ टक्के. आणि मग सवयी घेतल्या, त्यात मुख्य म्हणजे हालचाल करता की नाही. उरला ५ टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या भाषेत काहीच नाही. गायब!

हे 'हिशेबात घेणं' म्हणजे नक्की काय ते बघू, थोडं गणित आहे पण पाचवीतलं आहे. समजा १०० उदास पेशंट आहेत आणि १०० नॉर्मल. उदास माणसाला घराबाहेर पडायचा कंटाळा, म्हणून त्यांच्यातले ७० जण चालत नाहीत, ३० चालतात. नॉर्मल गटात उलटं, ३० चालत नाहीत, ७० चालतात. आता समजा मनाचा हार्टशी काही थेट संबंध नाहीच, फक्त चालण्याचा आहे, न चालणाऱ्या १०० मधल्या २० जणांना अटॅक येतो आणि चालणाऱ्या १०० मधल्या १० जणांना. तर उदास गटात किती? ७० चे १४, ३० चे ३, एकूण १७. नॉर्मल गटात ३० चे ६, ७० चे ७, एकूण १३. सतरा भागिले तेरा, १.३१. म्हणजे ३१ टक्के जास्त! (आकडे मी मुद्दाम असे घेतलेत, पण मजा बघा.) कुणी वरवर बघितलं तर म्हणेल उदासीने अटॅक येतो. पण चालणाऱ्यांची तुलना चालणाऱ्यांशी आणि न चालणाऱ्यांची न चालणाऱ्यांशी केली की दोन्ही गट सारखे, फरक शून्य. सवयी हिशेबात घेणं म्हणजे ढोबळमानाने हेच, फक्त एका ऐवजी अनेक गोष्टींसाठी आणि कॉम्प्युटरवर.

आता इथे लोक एक उडी मारतात ती चुकीची आहे. "म्हणजे मनाचा काही संबंध नाही, मनाचं सोडा." नाही हो. एका माणसाने सुपारी दिली आणि दुसऱ्याने खून केला. पोलिसांनी मारेकऱ्याच्या नावावर सगळा गुन्हा लावला की सुपारी देणारा कागदोपत्री निर्दोष दिसतो. वरच्या उदाहरणात उदासी सुपारी देणारी आहे आणि खुर्चीत बसून राहणं मारेकरी. मधल्या टप्प्यावरची गोष्ट हिशेबात घेतली की मागची गोष्ट पुसली जाते, याचा अर्थ ती नव्हती असा नाही, ती या रस्त्याने आली असा आहे. याउलट कधी कधी ती मधली गोष्ट मधली नसतेच, दोघांचं मूळ तिसरंच असतं, म्हणजे चालताना छाती भरून येते म्हणून माणूस चालत नाही आणि त्याच कारणाने उदासही होतो, मग सुपारीची गोष्टच कोसळते. या दोन्हीत आकडे सारखेच हलतात! कुठली खरी ते नुसत्या गणितातून कळत नाही, डोकं लावावं लागतं आणि प्रयोग करावे लागतात. इथे काहींनी वाचणं सोडलं असेल, हरकत नाही, पुढे सोपं आहे.

प्रयोग झालेत. अमेरिकेत अटॅकनंतर उदास किंवा एकटे पडलेल्या २,४८१ पेशंटवर एक मोठी ट्रायल झाली, २००३ साली निकाल आला. निम्म्यांना नीट समुपदेशन दिलं, गरज पडली तिथे गोळ्याही. मन थोडं सुधारलं, पण मृत्यू आणि पुन्हा अटॅक यांत फरक नाही. सुपारी देणाऱ्याला समज दिली, मारेकरी मोकळाच. दुसरीकडे व्यायामावर आधारलेलं कार्डिॲक रिहॅब, म्हणजे हार्टच्या पेशंटला देखरेखीखाली परत उभं करायचा कार्यक्रम, घेतलं की हार्टमुळे होणारे मृत्यू कमी होतात हे बऱ्याच ट्रायल एकत्र करून दिसलंय, आणि हृदयविकार असलेल्या उदास लोकांना व्यायामाने मनालाही बरं वाटतं हेही दिसलंय.

मन आणि रक्तवाहिन्या यांच्यात थेट वायरिंग काहीच नाही असंही नाही हां. २०१७ साली बोस्टनच्या लोकांनी २९३ जणांचे स्कॅन बघितले, मेंदूतला अमिग्डाला हा भीतीचा भाग ज्यांचा जास्त जागा होता त्यांची हाडांतली मज्जा जास्त कामात होती, धमन्यांच्या भिंतींना सूज जास्त होती आणि पुढे अटॅक, स्ट्रोक असं काही जास्त जणांना झालं. पण असं काही झालेले एकूण २२ जण, त्यामुळे बेताने घ्यायचं.

मामाला व्हॉट्सॲपवर दोन गोष्टी आल्या. एक, आलं-लसूण-लिंबू-व्हिनेगरचा काढा, 'ब्लॉकेज ९० दिवसांत साफ'. धमनीतलं ब्लॉकेज म्हणजे सिंकचा पाइप तुंबलाय असं नसतं, चरबी भिंतीच्या आत असते, त्यावर काढा ओतता येत नाही. दुसरी, योगाने ब्लॉकेज विरघळतं. योगाची तर आपल्याकडेच मोठी ट्रायल झालीय, २४ हॉस्पिटलं, अटॅक येऊन गेलेले ३,९५९ पेशंट, निकाल २०२० साली. अटॅक-मृत्यूत खात्रीने म्हणावा असा फरक नाही. पण योगावाल्यांना तब्येत बरी वाटली आणि ते नेहमीच्या कामांत जास्त चांगले परतले. माझ्या मते हे काही कमी नाही, पण असा फॉरवर्ड कोण पाठवणार.

आणि गोळ्या. वरच्याच हार्ट अँड सोलमध्ये उदास पेशंटांपैकी १४ टक्के म्हणाले आम्ही सांगितल्याप्रमाणे गोळ्या घेत नाही, बाकीच्यांत ५ टक्के. मामाने तिसऱ्या महिन्यात 'रक्त पातळ करायच्या' दोन्ही गोळ्या बंद केल्या होत्या. कुणाला न सांगता. का तर बरं वाटतंय. स्टेंट म्हणजे शेवटी बाहेरची धातूची जाळी, तिच्यावर रक्तातल्या प्लेटलेट चिकटून गुठळी होऊ नये म्हणून त्या गोळ्या, पातळ-बितळ काही होत नाही, चिकटपणा जातो. मामीला डब्यात मंगळवारपासूनचे खण भरलेले सापडले तेव्हा समजलं. आम्ही ओरडलो. तो काहीच बोलला नाही, आणि हा माणूस काही बोलला नाही हेच आम्हाला खटकलं. तापट तापट म्हणून ओळखला जाणारा मामा तीन महिने गप्प गप्प होता, टीव्हीसमोरून उठत नव्हता, आणि आम्हाला वाटत होतं चला, स्वभाव सुधारला.

पुढच्या ओपीडीला मामीने डॉक्टरांना हे सगळं सांगितलं, गोळ्या परत सुरू झाल्या, एक मनाची पण वाढली, आणि सपाटीवर अर्धा तास चालायला सांगितलं. चालायला जा म्हटलं की मामा जात नव्हता. मग मामीने घरी येणारा पेपर बंद केला. आता पेपर नाक्यावरच्या स्टॉलवरून आणावा लागतो, जाऊन येऊन दीड किलोमीटर. गेल्या रविवारी मी तिकडे होतो, सव्वासात झाले तरी मामा आला नाही म्हणून बघायला गेलो. पुरवणी नव्हती म्हणून पेपरवाल्याशी कडाकडा भांडत होता. मामीला फोन करून सांगितलं, ती म्हणाली भांडू दे.